भुलेत असलेल्या रुग्णाच्या ट्यूबचा कफ: दाब किती ठेवायचा, केव्हा मोजायचा

प्रश्न भूलशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका डॉक्टरांचा आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ऑपरेशन होतं. श्वासनलिकेत ट्यूब टाकली, तिच्या टोकाजवळचा फुगा म्हणजे कफ हवेने भरला, त्याला बारीक नळीने जोडलेला बाहेरचा छोटा फुगा, म्हणजे पायलट बलून, बोटांत धरून पाहिला, ठीक वाटला. भुलेसाठीचा नायट्रस ऑक्साइड गॅस चालू होता. दीड तासाने दाब मोजायचा मॅनोमीटर लावून पाहिलं तर काटा ५२ सेंमी पाण्यावर (पाण्याच्या स्तंभाची उंची हे इथे दाबाचं एकक). हवा काढून तो २५ वर आणला. रुग्णाचा घसा नंतर दोन दिवस दुखत होता, आवाजही बसला होता. सीनियर म्हणाले, ट्यूब टाकली की घसा दुखतोच. तर त्यांचं विचारणं असं: दाब नेमका किती असावा, बोटांवर विसंबायचं का, किती वेळा मोजायचा, आणि मॅनोमीटर हाताशी नसेल तर काय?

उत्तर:

प्रौढ रुग्णात २० ते ३० सेंमी पाणी. मी २५ धरून चालतो. बोटांवर विसंबू नका. ट्यूब पक्की केली की लगेच मोजा, पोझिशन दिल्यावर आणि पोटात गॅस भरल्यावर पुन्हा मोजा, त्यानंतर निदान तासातून एकदा. नायट्रस चालू असेल तर दर अर्ध्या तासाने. अर्ध्या तासाचं ऑपरेशन असलं तरी पहिलं मोजणं टाळू नका. चुकीचा दाब बहुतेक वेळा पहिल्या मिनिटालाच भरलेला असतो.

आता हे आकडे कुठून आले ते सांगतो, कारण कारण कळलं की आकडा विसरत नाही.

श्वासनलिकेच्या आतल्या नाजूक अस्तराला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्यांतला दाब साधारण २५ ते ३५ मिमी पारा मानला जातो. बाहेरून त्याहून जास्त दाब पडला की तेवढ्या जागेचा रक्तपुरवठा तुटतो. १९८४ मध्ये सीगोबिन आणि व्हॅन हॅसेल्ट यांनी भुलेखालच्या रुग्णांच्या श्वासनलिकेत दुर्बीण घालून हे प्रत्यक्ष पाहिलं. कफमधला दाब ३० सेंमीच्या वर नेला की अस्तर फिकं पडायला लागायचं, आणि ५० सेंमीच्या आसपास कूर्चेच्या, म्हणजे लवचीक हाडाच्या, कड्यांवरचा रक्तप्रवाह पार थांबायचा. कड्यांवरच आधी का? तिथे अस्तराच्या मागे कठीण कूर्चा असते, समोर फुगलेला कफ, आणि मधल्या पातळ थराला सरकायला जागाच नसते. तुमच्या रुग्णातला ५२ हा आकडा नेमका इथे बसतो. तो किती वेळ तसा होता हे कुणालाच सांगता येणार नाही, कारण मधल्या काळात मोजलंच गेलं नव्हतं.

एककाचा घोळ इथेच मिटवून टाकू. १ मिमी पारा म्हणजे सुमारे १.३६ सेंमी पाणी. म्हणजे २५ सेंमी पाणी हे जेमतेम १८ मिमी पारा होतं, आणि कुणी ‘३०’ हा आकडा मिमी पाऱ्यात धरून कफ भरला तर प्रत्यक्षात ४१ सेंमी पाणी भरलं जातं. मॅनोमीटरची तबकडी कोणत्या एककात आहे हे एकदा नीट वाचून घ्या. काहींवर दोन्ही मापं छापलेली असतात, आणि घाईत नजर चुकीच्या ओळीवर जाते.

वरची मर्यादा ठरवताना रुग्णाचं रक्तदाबाचं मशीनही बघा. केशवाहिन्यांचे ते आकडे रक्तदाब ठीक असलेल्या माणसाचे आहेत. रक्तस्राव होतोय, सरासरी रक्तदाब ५० वर आलाय, रक्तदाब वाढवणारं नॉरअॅड्रेनॅलिन चढवलंय, अशा रुग्णाच्या अस्तराला २८ सेंमीही जड जाऊ शकतो. अशा वेळी मी दाब २० च्या जवळ आणतो आणि गळती होत नाही ना ते बघतो.

खालची मर्यादा वेगळ्या कारणाने आली. २० च्या खाली गेलं की कफच्या वर साचलेली लाळ, रक्त, पोटातून वर आलेलं पाणी खाली झिरपतं. अतिदक्षता विभागात दिवसेंदिवस ट्यूब असणाऱ्या रुग्णांमध्ये कमी दाब आणि न्यूमोनिया यांचा संबंध दिसला आहे. ऑपरेशन थिएटरमधला (ओटीतला) काळ कमी असतो, पण नाकाच्या किंवा तोंडाच्या ऑपरेशनमध्ये घशात रक्त उतरत असतं, तातडीच्या ऑपरेशनमध्ये पोट भरलेलं असतं, तिथे एक तासही पुरतो. शिवाय हेही समजून घ्या की हवेची गळती थांबली म्हणजे पाण्याची गळती थांबली असं नाही. साध्या पीव्हीसी प्लास्टिकचा कफ श्वासनलिकेपेक्षा मोठा असतो, त्यामुळे तो आत गेल्यावर त्याला उभ्या चुण्या पडतात आणि त्या चुण्यांच्या फटींतून द्रव उतरतो. पातळ पॉलियुरेथेनच्या कफला चुण्या बारीक पडतात, म्हणून तो यात सरस. पीव्हीसीचाच कफ वापरायचा असेल तर दोन साध्या गोष्टी मदत करतात: कफवर पाण्यात विरघळणारी जेली लावून ट्यूब टाकणं, आणि थोडा पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत राहणारा दाब, ठेवणं. पीपमुळे कफच्या खालून वर दाब राहतो आणि झिरपणं कमी होतं.

कफ मुळात असा मोठा का केला, हाही प्रश्न पडायला हवा. जुन्या लाल रबरी ट्यूबचा कफ छोटा आणि घट्ट असायचा. श्वासनलिका बंद करण्यासाठी तो ताणूनच फुगवावा लागायचा आणि भिंतीवर प्रचंड दाब पडायचा. अशा कफच्या जागी नलिका आक्रसते, कूर्चा मरते, हे १९६० च्या दशकाच्या शेवटी कूपर आणि ग्रिलो यांनी दाखवलं. पुढे मोठ्या आकाराचे, कमी दाबाचे कफ आले. या कफचा मोठा फायदा असा की तो न ताणता नलिकेच्या भिंतीला टेकतो, त्यामुळे कफच्या आतला दाब आणि भिंतीवरचा दाब जवळजवळ सारखाच असतो. म्हणूनच बाहेरून मॅनोमीटरवर वाचलेल्या आकड्याला अर्थ आहे. पण हा फायदा ताण नसेपर्यंतच. रुग्णासाठी ट्यूब फार लहान घेतली, किंवा हवा भरतच गेलात, तर कफ ताणला जातो आणि तोही जुन्या रबरी कफसारखाच वागू लागतो. पाकिटावर ‘लो प्रेशर’ लिहिलं आहे म्हणून दाब कमी राहत नाही. तो तुम्ही ठेवला तरच राहतो.

आता बोटांविषयी. पायलट बलून लहान आणि जाड प्लास्टिकचा असतो. एका मर्यादेनंतर तो सगळ्याच दाबांना सारखाच टणक लागतो; ३५ आणि ६० मधला फरक बोटांना कळत नाही. २००४ मध्ये सेनगुप्ता आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तीन रुग्णालयांत भूल देणाऱ्यांनी नेहमीच्या पद्धतीने भरलेल्या कफचे दाब मोजले. २० ते ३० च्या पट्ट्यात फक्त २७ टक्के निघाले, आणि तितकेच टक्के ४० च्या वर होते. भूल देणारा किती अनुभवी आहे याने फरक पडला नाही. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. अनुभवाने बोटं सुधारत नाहीत, कारण बोटांना कधी उत्तर बरोबर की चूक ते कळतच नाही. मोजलंच नाही तर वीस वर्षांनीही तोच हात, तोच अंदाज. शांघायच्या चार रुग्णालयांतला २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तुमच्या रुग्णाबद्दलच बोलतो. त्यात ५०९ रुग्ण होते. बोटांच्या अंदाजाने भरलेल्या कफचा सरासरी दाब ४३ मिमी पारा निघाला, म्हणजे ५८ सेंमी पाण्याहून जास्त. ज्या गटात मॅनोमीटर लावून तो खाली आणला, त्या गटात घसा दुखणं, आवाज बसणं, थुंकीतून रक्त येणं कमी झालं.

तेव्हा तुमच्या सीनियरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. ट्यूबने घसा दुखतो, आणि त्याला कफ एकटाच जबाबदार नसतो. ट्यूब टाकताना स्वरयंत्र बघण्यासाठी लॅरिंगोस्कोपी किती वेळा करावी लागली, ट्यूब किती मोठी होती, शुद्धीवर येताना रुग्ण किती खोकला, सक्शन किती जोरात फिरवलं, या सगळ्याचा वाटा असतो. पण या यादीतली पुरती आपल्या हातात असलेली आणि एका मिनिटात दुरुस्त होणारी गोष्ट म्हणजे कफचा दाब. ‘दुखतोच’ म्हणून ती सोडून देणं मला पटत नाही. झोपलेला रुग्ण घशात दडपतंय म्हणून हात वर करत नाही, त्याच्या वतीने हे बघणारे आपणच.

हवेच्या मापावरूनही दाब ठरवू नका. बहुतेक प्रौढांत २ ते ४ मिली हवेतच कफ २० ते ३० च्या पट्ट्यात येतो, हे कळलं की अनेकांना आश्चर्य वाटतं, कारण हातात नेहमी १० मिलीची सिरिंज असते आणि ती रिकामी होईपर्यंत अंगठा थांबत नाही. ५ मिलीची सिरिंज ठेवायची सवय लावली तरी बरंच सुधारतं. मात्र ४ मिली हा काही नियम नाही. श्वासनलिकेचा व्यास, ट्यूबची बनावट, कफचा आकार यांनुसार तो बदलतो. सुरुवात तेवढ्या हवेने करा आणि मोजा.

नायट्रसचं प्रकरण तुमच्या केसमध्ये मोठं होतं, म्हणून त्यावर जरा थांबतो. कफ आपण खोलीतल्या हवेने भरतो, म्हणजे मुख्यतः नायट्रोजनने. श्वासनलिकेत ६० ते ६६ टक्के नायट्रस वाहतोय आणि कफच्या आत नायट्रस शून्य. पीव्हीसीच्या पडद्यातून नायट्रस आत जातो तो नायट्रोजन बाहेर पडण्यापेक्षा कितीतरी वेगाने. त्यामुळे आतल्या रेणूंची संख्या वाढत जाते, कफला पसरायला जागा नसते आणि दाब चढतो. सुरुवातीला २५ वर ठेवलेला कफ तासाभरात ४० च्या पलीकडे जाणं अगदी नेहमीचं आहे. तुम्ही कदाचित सुरुवातीलाच ३५ वर भरला असेल आणि बाकीचं नायट्रसने केलं असेल. कदाचित नायट्रसचा वाटा अधिक असेल. पहिला आकडा लिहिलेला नसला की हे वेगळं करता येत नाही.

यावर उपाय तीन. पहिला आणि सर्वांत सोपा म्हणजे नायट्रस न वापरता हवा आणि ऑक्सिजनवर भूल देणं. आज बऱ्याच ठिकाणी हीच पद्धत आहे. दुसरा म्हणजे वारंवार मोजून जादा गॅस काढणं. तिसरा म्हणजे श्वासाच्या सर्किटमधलाच गॅस सिरिंजमध्ये घेऊन त्याने कफ भरणं, म्हणजे आत-बाहेर नायट्रसचं प्रमाण सारखंच राहतं. सलाइनने कफ भरायची पद्धतही आहे. लेझरने स्वरयंत्रावर काम करायचं असेल तर ती गरजेचीच, आणि त्या सलाइनमध्ये मिथिलिन ब्लू घातलं की कफ फुटला तर रंगावरून लगेच कळतं. एरवी मी सलाइन टाळतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे अर्धा मिली जास्त गेलं तरी दाब एकदम उसळतो, आणि नेहमीचा मॅनोमीटर त्यात पाणी शिरून बिघडतो.

दुसरी बाजू कमी लोकांच्या ध्यानात येते. नायट्रस बंद केला की तोच प्रवास उलटा होतो. आत साठलेला नायट्रस बाहेर पडायला लागतो आणि दाब उतरतो. समजा तुम्ही ऑपरेशनभर जादा गॅस काढत काढत दाब २५ वर ठेवला, आणि रुग्णाला ट्यूबसकट अतिदक्षता विभागात हलवलं. तिथे तो नायट्रसशिवाय, फक्त हवा-ऑक्सिजनवर आहे. तासाभरात कफ ढिला पडून १५ वर येईल. तिथल्या डॉक्टरांना हे माहीत नसेल तर गळती आणि झिरपणं दोन्ही सुरू. म्हणून नायट्रसवरचा रुग्ण ट्यूबसकट सोपवताना तिथे पोचल्यावर एकदा आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा दाब मोजायला सांगा, आणि ते कागदावर लिहा.

दुर्बिणीच्या ऑपरेशनचे बाकीचे परिणाम. पोटात गॅस भरला, डोकं खाली केलं की डायाफ्राम वर सरकतो, फुप्फुसांचा दाब वाढतो, त्याचा काही भाग कफच्या खालच्या बाजूवर येतो आणि कफमधला आकडा वाढतो. त्याच वेळी श्वासनलिका दोन भागांत फुटते ती जागा, म्हणजे कॅरायनाही डोक्याकडे सरकते. त्यामुळे ट्यूब न हलताही तिचं टोक उजव्या ब्रॉंकसमध्ये (उजव्या फुप्फुसाच्या नळीत) जाऊ शकतं. दाब अचानक वाढला, सॅच्युरेशन थोडं उतरलं, श्वासाचा दाबही चढला, तर कफमधली हवा काढण्याआधी दोन्ही बाजूंना स्टेथोस्कोप लावा. मानेच्या हालचालीनेही ट्यूब साधारण २ सेंमी इकडेतिकडे होते: हनुवटी छातीकडे नेली की टोक आत जातं, मान मागे झुकवली की बाहेर येतं. म्हणून पालथं झोपवल्यावर, कुशीवर वळवल्यावर, थायरॉइडसाठी मान ताणल्यावर मोजणं हे नुसतं औपचारिक नाही. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेतून इकोचा प्रोब घातला की मागच्या बाजूने दाब येतो आणि कफ चढतो. बायपासवर (हृदय-फुप्फुस यंत्रावर) शरीर थंड केलं की गॅस आकसून तो उतरतो. हवाई रुग्णवाहिकेत उंचीवर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो आणि कफ आपोआप फुगतो.

मानेच्या पुढच्या बाजूने मणक्यावर केलेल्या ऑपरेशनबद्दल विशेष सांगावंसं वाटतं. सर्जन श्वासनलिका बाजूला सारून ती तशी धरून ठेवणारा रिट्रॅक्टर बसवतात. नलिका बाहेरून दाबली जाते, कफचा दाब दुप्पट होऊ शकतो, आणि स्वरतंतूंची रिकरंट लॅरिंजियल नस कफ आणि रिट्रॅक्टर यांच्यात चेपली जाते. अॅपफेलबाउम आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ९०० रुग्णांच्या मालिकेत रिट्रॅक्टर बसवल्यानंतर कफ पूर्ण रिकामा करून पुन्हा भरायला सुरुवात केली, तेव्हा तात्पुरत्या स्वरतंतू-पक्षाघाताचं प्रमाण ६.४ टक्क्यांवरून १.६९ टक्क्यांवर आलं. ती मालिका होती, यादृच्छिक चाचणी नव्हती, आणि नंतरच्या एका छोट्या चाचणीत असा फायदा दिसला नाही. तरी मी हे करतो. खर्च शून्य, सर्जनला फक्त ‘रिट्रॅक्टर बसला की सांगा’ एवढंच सांगायचं असतं. रिकामा करण्याआधी तोंडातलं सक्शन मात्र नक्की करा.

आणखी एक जागेची गोष्ट. याच नसेची पुढची शाखा स्वरतंतूंच्या लगेच खाली उथळ असते. कफ अगदी स्वरतंतूंखाली टेकून फुगवला तर आकडा २५ असूनही ती दबते. कफची वरची कड स्वरतंतूंच्या दीड-दोन सेंमी खाली हवी. प्रौढ स्त्रीत दातांपाशी साधारण २१, पुरुषात २३ सेंमी ही सुरुवात. उंची पाहून पुढे-मागे करा.

गळतीविषयी तुम्ही विचारलं नाही, पण तरी लिहितो. कारण जास्तीत जास्त चुकीचे दाब गळतीच्या वेळी भरले जातात. व्हेंटिलेटर दाखवतो की श्वासातून ४५० मिली गेले आणि ३८० परत आले, तोंडातून गुरगुर येते, भुलेच्या सेव्होफ्लुरेन वाफेचा वास येतो. प्रत्येकाचा हात आधी सिरिंजकडे जातो. दोन मिली, आणखी दोन मिली. दहा मिनिटं गळती थांबते, पुन्हा सुरू होते.

हवा भरण्याआधी मॅनोमीटर लावा. दाब १० असेल आणि २५ वर नेल्यावर तिथे टिकत असेल, तर कफ नुसता कमी भरला होता, प्रश्न संपला. दाब २५ वर नेला तरी हळूहळू उतरतोय, तर व्हॉल्व्ह, पायलट नळी किंवा कफ फाटला आहे. तीक्ष्ण दात, मॅगिल फोर्सेप्स, जबड्याच्या ऑपरेशनमधली करवत ही नेहमीची कारणं. आणि दाब २५-३० असूनही गळती आहे, तर हे सर्वांत धोक्याचं: कफ बहुधा स्वरतंतूंच्या मध्ये किंवा वर आलेला असतो. इथे हवा भरली की कफ नलिकेत न फुगता वरच्या बाजूला फुगतो आणि ट्यूबला आणखी बाहेर ढकलतो. हवा भरत भरत माणूस स्वतःच ट्यूब काढायच्या वाटेवर असतो. लॅरिंगोस्कोप घाला, बघा, कफ रिकामा करा, ट्यूब आत सरकवा, पुन्हा भरा. नाकातून घातलेली पोटाची नळी चुकून श्वासनलिकेत गेली असेल तरी हेच चित्र दिसतं, तेही त्याच नजरेत तपासलं जातं. चौथी शक्यता म्हणजे कफ जागेवर, दाब ठीक, पण श्वासाचा कमाल दाब ३८-४० सेंमी आहे. तिथे कफला दोष नाही. स्नायू शिथिल आहेत का बघा, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) आणि श्वासाची गती बदला, पोटातला गॅसचा दाब थोडा कमी करता येतो का ते सर्जनला विचारा.

पायलट नळीच कापली गेली आणि ट्यूब बदलणं धोक्याचं असेल, तर कापलेल्या टोकात बारीक आयव्ही कॅन्युला सरकवून त्याला थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लावता येतो. वेळ निभावते. डोक्या-मानेच्या ऑपरेशनमध्ये पायलट बलून चादरींखाली हरवतो, म्हणून तिथे चादरी पसरण्याआधीच त्याला लांब एक्स्टेन्शन आणि थ्री-वे जोडून टोक स्वतःकडे घेऊन ठेवा. या एका सवयीमुळे मोजणं टळत नाही.

मोजण्यातली कला थोडी. रुग्ण खोकत नसताना, श्वास सोडल्याच्या शेवटी वाचा. श्वास घेताना काटा वर जातोच. मॅनोमीटर जोडला की कफमधला थोडा गॅस त्याच्या नळीत शिरतो आणि दाब पडतो. म्हणजे नुसतं ‘बघून’ काढून घेतलंत तर कफ आधीपेक्षा ढिला होतो. जोडण्याआधी मॅनोमीटरमध्येच २५ च्या आसपास दाब भरून घ्या, मग जोडा, जोडलेला असतानाच दुरुस्त करा आणि झटक्यात काढा. काढतानाही एक-दोन सेंमी जातात, म्हणून मी २५ धरतो, २० नाही.

मॅनोमीटर नसेल तर? पहिला पर्याय सगळ्यांना माहीत असलेला: मानेवर स्टेथोस्कोप ठेवून, सकारात्मक दाबाचे श्वास चालू असताना, गळतीचा आवाज जेमतेम थांबेपर्यंत थोडी थोडी हवा भरायची. हे बोटांपेक्षा नक्की बरं, फक्त त्यातून आकडा मिळत नाही, आणि श्वासाचा दाब कमी असलेल्या रुग्णात कफ २० च्या खाली राहू शकतो. दुसरा: कफ थोडा जास्त भरून सिरिंज जोडलेली ठेवायची आणि दट्ट्यावरचा हात काढायचा, जादा हवा आपोआप परत येते. एपिड्युरलसाठीची हलक्या दट्ट्याची सिरिंज यासाठी चांगली. साधी सिरिंज अडकते आणि दाब वरच राहतो. तिसरा पर्याय बहुतेक ओटीत असूनही कुणी वापरत नाही: धमनीच्या रक्तदाबाचा ट्रान्सड्युसर. कोरडा, द्रव न भरता, शून्य करून थ्री-वेने पायलट बलूनला जोडा. मॉनिटरवर आकडा मिमी पाऱ्यात येईल. १५ ते २२ मध्ये ठेवा. जास्त वेळ चालणाऱ्या ऑपरेशनमध्ये तो जोडलेलाच ठेवला तर दाबाचा आलेख सतत डोळ्यांसमोर राहतो. एकच मॅनोमीटर अनेक ओटींत फिरवायलाही हरकत नाही, फक्त प्रत्येक वेळी पुसून घ्या आणि त्याची जागा ठरलेली असू द्या.

कफमध्ये लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध भरण्याबद्दल लोक विचारतात. नुसतं लिग्नोकेन पीव्हीसीतून फारसं बाहेर पडत नाही. सोडाबायकार्बने त्याचा पीएच वाढवला तर ते झिरपतं आणि उठताना खोकला कमी होतो. उपयोगी आहे, पण द्रवाने भरलेल्या कफचे वर सांगितलेले सगळे तोटे सोबत येतात.

लहान मुलांत मर्यादा २० सेंमी. स्वरयंत्राखालची क्रिकॉइड कूर्चा हे पूर्ण कडं असल्याने तिथे अस्तराला थोडी सूज आली तरी रस्ता अरुंद होतो. मुलांना कफवाली ट्यूब नको हा जुना आग्रह मात्र आता टिकत नाही. वाइस आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या चाचणीत २,२४६ मुलांमध्ये ट्यूब काढल्यानंतरच्या स्ट्रायडरचं (श्वास घेताना येणाऱ्या आवाजाचं) प्रमाण कफसह ४.४ आणि कफविना ४.७ टक्के होतं, तर ट्यूब बदलावी लागण्याचं प्रमाण २.१ विरुद्ध ३०.८ टक्के. त्या चाचणीत दाब मोजला जात होता आणि २० च्या आत ठेवला जात होता, हे विसरून निष्कर्ष तेवढा उचलू नका. छोट्या कफमध्ये नायट्रसने दाब फार पटकन चढतो. दोन फुप्फुसं वेगळी ठेवण्यासाठीच्या डबल ल्युमेन ट्यूबच्या ब्रॉंकसमधल्या कफला १ ते ३ मिली पुरते, आणि फुप्फुस वेगळं ठेवायची गरज संपली की तो रिकामा करा. स्वरयंत्राच्या वर बसणाऱ्या लॅरिंजियल मास्कची मर्यादा वेगळी, ६० सेंमी, पण मोजायचा तोही.

शेवटी चार्ट. ट्यूबचा नंबर आणि दातांपाशी किती सेंमी हे आपण लिहितोच, त्याच ओळीत कफचा पहिला दाब लिहा, आणि पुढे रक्तदाबासारखा वेळेसह नोंदवत जा. उद्या कुणाचा आवाज आठवड्यानंतरही बसलेला असेल तर नाक-कान-घसा तज्ज्ञांना पाठवताना तोच कागद उपयोगी पडतो. ट्यूब काढताना सिरिंजने कफ पूर्ण रिकामा करा, पायलट बलून चपटा झाल्याचं डोळ्यांनी बघा, आणि घाईत नळी कात्रीने कापू नका; कापलेली नळी चिकटून बसली तर कफ आत फुगलेलाच राहतो आणि तसाच स्वरतंतूंमधून ओढला जातो. आवाज तीन-चार दिवसांत सुधारला नाही, गिळताना त्रास होतोय किंवा श्वास घेताना आवाज येतोय, तर तुमच्या त्या रुग्णाचे स्वरतंतू दुर्बिणीने बघून घ्या.